मदत हवी आहे : अतिदक्षता विभागात धोक्याची पूर्वसूचना देणारी प्रणाली घेण्याआधी कोणती पडताळणी करावी?

नमस्कार. मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात फिजिशियन आहे. मॉनिटरवरील नोंदी आणि रक्ततपासण्यांचे अहवाल सतत वाचून, पुढील काही तासांत रुग्णाची प्रकृती ढासळण्याची शक्यता आकड्यात सांगणारी संगणकप्रणाली घ्यावी, असा प्रस्ताव आमच्या व्यवस्थापनापुढे आहे. प्रात्यक्षिक उत्तम झाले. प्रात्यक्षिके उत्तमच होतात. आता डॉक्टरांचे लेखी मत मागितले आहे आणि ते कशाच्या आधारावर द्यावे, हे विचारण्यासाठी हा धागा काढत आहे.

वाचलेला पुरावा एका दिशेचा नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात एपिक कंपनीच्या, सेप्सिसची (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची) पूर्वसूचना देणाऱ्या प्रणालीची पडताळणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांबाबत इशारे देऊनही, सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्या प्रणालीच्या नजरेतून सुटले होते. उलट, अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सेप्सिस-प्रणालीचा पाच रुग्णालयांतील अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात इशारा आल्यापासून तीन तासांच्या आत डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मात्र त्या रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे जिथे इशाऱ्याकडे तत्परतेने पाहिले जाते तिथे बाकीची देखभालही चोख असणार, ही शंका उरतेच.

माझी खरी अडचण आमच्या रुग्णांची आहे. कीटकनाशक प्यायलेला रुग्ण ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधावर असतो तेव्हा त्याची नाडी आम्हीच औषधाने वाढवलेली असते. अशा रुग्णाबाबत प्रणाली सतत धोका दाखवत राहिली, तर दोन दिवसांत सिस्टर तो आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखे करतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप यांच्या अलार्ममध्ये आणखी एकाची भर पडणार आहे. शुद्धीच्या नोंदीचेही तसेच. अक्कलकोटकडचे किंवा सीमेपलीकडून आलेले पुष्कळ रुग्ण कन्नड बोलतात, शहराच्या पूर्व भागातील अनेकांच्या घरी तेलुगू बोलली जाते, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ती भाषा येत नसेल तर रुग्ण असंबद्ध बोलतो आहे की केवळ आपल्याला कळत नाही, हे नातेवाइकांना आत बोलावल्याशिवाय ठरत नाही. शुद्धी मोजणाऱ्या ग्लासगो स्केलवरील बोलण्याचे गुण अशा वेळी जितके खरे, तितकेच त्यावर उभे केलेले भाकीत खरे. शिवाय आमचा तासातासाचा चार्ट अजून कागदावर आहे. गडबडीच्या रात्री लघवीचे प्रमाण आणि श्वासाची गती मागाहून एकत्र भरली जाते, हे या क्षेत्रातील कोणालाही नवीन नाही.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की प्रणालीने काही महिने फक्त मागे चालावे, तिचे आकडे उपचार करणाऱ्यांना दिसू नयेत, आणि नंतर ते प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींशी ताडून पाहावेत. अशी चाचणी कोणी केली आहे का? तुलना कशाशी केली : रक्तदाब वाढवणारी औषधे सुरू करण्याशी, श्वासासाठी नळी घालण्याशी, की मृत्यूशी? मला स्वतःला पहिल्या दोन घटना अधिक उपयोगी वाटतात, परंतु त्या घटनाही डॉक्टरांच्या निर्णयावर अवलंबून असल्याने ते मोजमाप निखळ राहत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरांनी संशय घेऊन तपासण्या पाठवल्यानंतर आलेला इशारा यशस्वी मानायचा का? माझ्या मते मानू नये, पण विक्रेत्याच्या तक्त्यात तो यशस्वीच मोजलेला आहे.

दुसरा प्रश्न रात्रीचा. इशारा आधी सिस्टरकडे जावा, ड्यूटीवरील आरएमओकडे (निवासी डॉक्टरकडे) की घरी असलेल्या कन्सल्टंटकडे? आणि रुग्ण तपासून इशारा बाजूला ठेवला, तर त्याचे कारण केसपेपरवर लिहिण्याची पद्धत आपण ठेवली आहे का? पुढे तक्रार झाल्यास "यंत्राने सांगितले होते" हे वाक्य आमच्याविरुद्ध वापरले जाईल, ही भीती सहकाऱ्यांनी उघडपणे बोलून दाखवली आहे. वैद्यकीय कायद्याच्या जाणकारांनी यावर लिहिल्यास फार मदत होईल.

मोठ्या शहरांतील रुग्णालयांचे अनुभवही चालतील, फक्त एका सिस्टरकडे किती बेड असतात आणि नोंदी कागदावर होत्या की थेट मॉनिटरवरून घेतल्या जात होत्या, एवढे कृपया सोबत लिहावे.