फोटोवरचा बॅज पेजच्या डोक्यावर जाऊन बसतोय (बूटस्ट्रॅप ५.३)

धांदरट_डेव्ह:
आत्याच्या फराळाच्या ऑर्डरसाठी बूटस्ट्रॅप (वेबपेज सजवायला तयार क्लासचा संच) वापरून साधी साइट करतोय. चकली, अनारसे, कडबोळी असे तीन फोटो, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यावर "नवीन" असा लाल बॅज हवाय. बॅजला पोझिशन-ॲब्सोल्यूट टॉप-० राइट-० हे क्लास दिले तर तिन्ही उडून थेट पेजच्या वरच्या कडेला, आणि उजवीकडे तर हललेच नाहीत. मार्जिन देऊन खाली ढकलले तर मोबाइलवर परत सगळं पांगतं. रात्रीपासून डोकं आपटतोय, काय चुकतंय?

कोपरा_कट:
दोन गोष्टी. ॲब्सोल्यूट झालेलं पोर आपल्या आईबाप-आजापणज्यात जो पहिला पोझिशनवाला (रिलेटिव्ह वगैरे दिलेला) भेटेल त्याला धरून बसतं, तुझ्याकडे तसं कोणीच नाही म्हणून मग अख्खं पेज. फोटोच्या डिव्हला (फोटोभोवतीच्या डब्याला) पोझिशन-रिलेटिव्ह दे. दुसरं म्हणजे राइट-० बूटस्ट्रॅपमध्ये नाहीच, तो टेलविंड नावाच्या अशाच दुसऱ्या संचाचा, इथे एंड-०. २०२१ला ५ आलं तेव्हापासून स्टार्ट-एंडच आहे, उर्दू-अरबीसाठी पान उलटवून बूटस्ट्रॅपची आरटीएल (उजवीकडून डावीकडे) सीएसएस फाइल लावली की बाजू फिरते. आणि नसलेला क्लास लिहिला तरी ब्राउझर हूं की चूं करत नाही, तिथेच तर रात्र जाते :)

रात्रपाळी:
अर्धा बाहेर लटकता हवा असेल तर टॉप-० स्टार्ट-१०० ट्रान्सलेट-मिडल. शेवटचा क्लास बॅजला त्याच्याच निम्म्या रुंदी-उंचीने डावीकडे आणि वर सरकवतो, म्हणजे बॅजचा मध्य बरोब्बर कोपऱ्यावर. टॉप-२५ वगैरे शोधत बसू नको, ०, ५०, १०० एवढंच मिळतं.

धांदरट_डेव्ह:
बसला रे! पण आता कापला जातोय, फक्त खालचा डावा पाव भाग दिसतो. चुकीच्या जागी होता तेव्हा अख्खा दिसत होता, हे काय??

कोपरा_कट:
गोल कोपऱ्यांसाठी त्याच डिव्हला ओव्हरफ्लो-हिडन (बाहेर जाणारं कापणारा क्लास) लावलंय ना? आधी बॅजची जागा पेजवरून ठरत होती म्हणून ती कात्री त्याला लागत नव्हती, रिलेटिव्ह दिलंस आणि तो तिच्या तावडीत सापडला. बाहेरून अजून एक डिव्ह घाल, रिलेटिव्ह त्याला, हिडन आतल्याला, आणि बॅज आतल्याच्या बाहेर काढ.

धांदरट_डेव्ह:
तेच होतं. बाहेरचा डिव्ह पूर्ण रुंदीचा झाला नि बॅज फोटो सोडून लांब उजवीकडे पळाला, पण त्याला डी-इनलाइन-ब्लॉक (रुंदी आतल्या गोष्टीएवढीच ठेवणारा क्लास) लावल्यावर आला ताळ्यावर. आता आत्या म्हणते अनारसे काही नवीन नाहीत, त्यावरचा काढ.