मदत हवी आहे: सोलापूरचा पश्चिमेचा कोरडा वारा ‘फॉन’ म्हणावा का? (तातडीचे)

भूगोलाच्या_बाई:
नमस्कार. शाळेच्या भिंतीवर रंगवायच्या नकाशासाठी एका प्रश्नाचे नेमके उत्तर हवे आहे. रंगारी परवा येणार आहेत, म्हणून कृपया लवकर लिहावे. आल्प्स उतरून येणारा फॉन आणि रॉकी पर्वताच्या पूर्वेचा चिनूक हे दोन्ही वारे उष्ण व कोरडे असतात. सोलापूरही सह्याद्रीच्या आडोशालाच आहे आणि आपल्याकडचा पश्चिमेचा वाराही कोरडाच असतो. मग सोलापूरपाशी फॉनचा बाण काढावा की काढू नये? ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे पुरे.

जुळे_सोलापूरकर:
बाई, महिना कोणता ते आपण लिहिलेले नाही, आणि या प्रश्नात सगळे काही महिन्यावरच ठरते. आपण एप्रिल-मेमधल्या उन्हाच्या झळांविषयी विचारत असाल, तर उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते, जमिनीत ओल उरलेली नसते आणि काळी माती ऊन शोषून तापते. पारा 43 अंशांवर जातो तो या जमिनीमुळे, त्याला डोंगर लागत नाही.

चिनूकप्रेमी:
अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या स्पिअरफिश या गावी 22 जानेवारी 1943 रोजी सकाळी चिनूक सुटला आणि तापमान दोन मिनिटांत उणे 20 अंशांवरून 7 अंशांवर गेले. हा वारा इतका कोरडा असतो की पुष्कळसे बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जाते. नकाशावर याला जागा द्यावीच.

सांगोल्याचा_डाळिंबवाला:
ताई, नाव काहीही द्या, उपाय एकच आहे. शेताच्या पश्चिम बांधावर शेवरी आणि गिरीपुष्प दाट लावावे. झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो आणि फूलगळही आटोक्यात राहते.

भूगोलाच्या_बाई:
मी शेतीविषयी विचारलेले नाही आणि स्पिअरफिशविषयीही नाही. आपल्याकडे पश्चिमेचा जोरदार वारा म्हटल्यावर जून-जुलैच अभिप्रेत असतो, हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. ढग डोक्यावरून धावत जातात, धूळ उडते आणि पाऊस पडत नाही, तो वारा.

आकडेमोड:
आता प्रश्न उत्तर देण्याजोगा झाला. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे 9.8 अंशांनी थंड होते आणि उतरताना तेवढीच तापते, कारण सायकलच्या पंपातल्या हवेप्रमाणे तीही दाबली जात असते. ढग बनू लागले की बाष्पातली उष्णता हवेला मिळते, त्यामुळे पुढच्या चढणीत ती दर किलोमीटरला चार-पाच अंशांनीच थंड होते. समजा कोकणात 28 अंशांची हवा आहे, ढगांचा तळ 500 मीटरवर आणि घाटमाथा 1,200 मीटरवर आहे. हवा ढगांच्या तळापाशी 23 अंशांवर आणि माथ्यावर 20 अंशांच्या जवळ येईल. तिथे पाऊस टाकून ती पलीकडे पुन्हा 500 मीटरवर उतरली, तर सुमारे 27 अंश होईल. एकाच उंचीवर दोन्ही बाजूंत जवळजवळ चार अंशांचा फरक पडला. ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ यूलियुस हान यांनी 1866 मध्ये फॉनची उष्णता याच तत्त्वाने उलगडून दाखवली. त्यापूर्वी हा वारा सहारातून येतो असा समज होता. म्हणून माझे उत्तर ‘हो’ आहे.

जुळे_सोलापूरकर:
आपले गणित वाईपाशी थांबते आणि बाईंचा प्रश्न सोलापूरचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि वाईला तर हजाराच्याही खाली. उतारावर हवा तापली आणि ढग विरले, याचा पुरावा तिथे दिसतो. सोलापूर माथ्यापासून 200 किलोमीटरांहून दूर आहे. तेवढ्या पठारावरून येताना मिळवलेले चार अंश ऊन, ढग आणि माती यांत मिसळून जातात. शिवाय आल्प्समध्ये हवा दोन-अडीच हजार मीटर उतरते, इथे सहाशे-सातशे मीटर. आल्प्समधल्या इन्सब्रुक शहरात फॉन सुटल्याचे तापमानाच्या आलेखावर उठून दिसते, तसा दिवस सोलापूरच्या आलेखावर दाखवून द्यावा.

आकडेमोड:
उष्णता मिसळते हे मान्य. पण पावसात गेलेले बाष्प कसे परत येईल? कोरडेपणा सोलापूरपर्यंत पोहोचतो, आणि जिल्ह्याच्या भूदृश्यावर खरा परिणाम त्याचाच आहे. जुलै जवळजवळ वाया जातो, मुख्य पाऊस सप्टेंबरात येतो, तोही बहुधा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांच्या कृपेने. म्हणूनच हा रब्बीचा, ज्वारीचा जिल्हा झाला.

ढगपेरणी_समर्थक:
याच कारणासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात विमानाने ढगांत बीजारोपण करण्याचे प्रयोग केले. नकाशावर विमान काढल्यास मुलांना आवडेल.

रत्नागिरीहून:
मंडळी, आपण डोंगराच्या एकाच बाजूला उभे राहून भांडत आहात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा उलटा, पठारावरून कोकणाकडे वाहू लागला की आधीच कोरडी असलेली हवा घाट उतरते आणि पूर्ण दराने तापते. त्यासाठी दुसऱ्या बाजूला पाऊस पडावा लागत नाही. समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत अडून राहतो आणि रत्नागिरी, मुंबई इकडे पारा 38-39 अंशांवर जातो. आंब्याचा मोहोर आणि बारीक कैरी गळते. ग्लारुस हे स्विस गाव मे 1861 मध्ये फॉनने भडकवलेल्या आगीत जळाले. आमच्याकडेही वणव्यांचे दिवस हेच असतात.

चिनूकप्रेमी:
मग युरोपातल्या एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावरचा ‘बोरा’ नावाचा वारासुद्धा डोंगर उतरूनच येतो, तो का थंड असतो?

रत्नागिरीहून:
उतरताना तोही तापतो, परंतु निघतानाच इतका थंड असतो की किनाऱ्यावर पोहोचल्यावरही तिथल्या हवेपेक्षा थंडच राहतो.

भूगोलाच्या_बाई:
‘हो’ किंवा ‘नाही’ मागितले होते. असो. सोलापूरपाशी बाण काढत नाही. महाबळेश्वर ते सोलापूर असा पर्जन्यछायेचा पट्टा फिकट होत जाणाऱ्या रंगात दाखवते आणि उतरत्या उष्ण वाऱ्याचा बाण कोकणात काढते. आकडेमोड सर, याला आपली हरकत आहे का?

आकडेमोड:
पट्टा सरसकट फिकट करू नका. रंग वाईपर्यंतच झपाट्याने उतरवा आणि पुढे जवळजवळ तसाच ठेवा. कोकणातल्या बाणाशेजारी महिने लिहा, नाहीतर मुले तो पावसाळ्याचा समजतील.

सांगोल्याचा_डाळिंबवाला:
शेवरीचे बी हवे असल्यास कळवावे.