शब्दचर्चा : टोन, फॉइल, कन्सीट, कॉमेंटरी

मूळ प्रश्न

माझी मुलगी न्यू जर्सीत बारावीत आहे. यंदा तिने एपी इंग्लिश लिटरेचर (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) घेतलंय, परीक्षा मे महिन्यात. घरी आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकावरच्या गप्पाही मराठीत होतात. गोष्टीबद्दल, पात्रांबद्दल बोलताना काही अडत नाही. अडतं ते शिक्षकांच्या शेऱ्यांपाशी. ‘टोन नीट पकड.’ ‘लेआर्टीस फॉइल कसा, ते दाखव.’ ‘समरी फार, कॉमेंटरी कमी.’ शब्दकोशात टोनला ‘स्वर’ सापडतो, कन्सीटला ‘गर्व’ आणि कॉमेंटरीला ‘समालोचन’, म्हणजे थेट क्रिकेटचं मैदान. मराठीत या शब्दांना काय म्हणावं? नुसता प्रतिशब्द नको आहे. तिच्याशी बोलताना वापरता येईल असं काही सांगा.

प्रतिसाद

ताई, टोनला बिनदिक्कत ‘सूर’ म्हणा. ‘बैठकीत नाराजीचा सूर उमटला’ असं आपण वाचतो, ‘आज तिचा सूर जरा तिरकस होता’ असं बोलतो. बोलणाऱ्याची विषयाकडे किंवा समोरच्याकडे बघण्याची वृत्ती या शब्दात आपोआप येते, आणि टोन म्हणजे तेच. ‘स्वर’ म्हटलं की मन व्याकरणाकडे किंवा गाण्याकडे जातं.

मूड मात्र वेगळा. सूर निवेदकाचा असतो, मूड म्हणजे वाचणाऱ्याला वेढणारं वातावरण. दोन्ही एकच समजून मुलं फार गुण घालवतात. फरक समजवायला स्विफ्टचा १७२९ सालचा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ हा निबंध फार उपयोगी पडतो. आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली पोरं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, असा प्रस्ताव त्यात मांडलाय. निवेदकाचा सूर शांत, हिशेबी, जनहिताची काळजी वाहणारा. वाचणाऱ्याच्या अंगावर मात्र काटा येतो. सूर आणि वातावरण जितके एकमेकांपासून लांब जातात, तितका उपरोध धारदार होतो.

आणखी एक. परीक्षेत ‘सूर दुःखी आहे’ एवढ्याने भागत नाही. सूर कुठे पालटतो ते शोधायला सांगा. शेक्सपिअरचं १३० वं सुनीत घ्या. बारा ओळी कवी प्रेयसीत काय काय नाही तेच मोजतो : डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठ पोवळ्याइतके लाल नाहीत. तेराव्या ओळीत ‘आणि तरीही’ येतं आणि आधीची सगळी यादी खोट्या स्तुतीला दिलेला नकार ठरते. थट्टा आणि निष्ठा एकाच कवितेत. प्रश्नपत्रिकेत ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द सारखा भेटतो, तो अशा जागांसाठी. त्याला ‘गुंतागुंतीचा’ म्हटलं तर तो सोडवायचा गुंता वाटतो. आपल्या समीक्षेतला ‘व्यामिश्र’ हा शब्द जास्त बरोबर आहे. परस्परविरोधी भाव एकमेकांत मिसळलेले असतात, ते वेगळे करून त्यातला एक निवडायचा नसतो.

प्रतिसाद

फॉइलबद्दल. ‘विरोधी पात्र’ असं कुठे वाचलं असेल तर ते विसरा, त्याने खलनायक डोळ्यांसमोर येतो. फॉइल म्हणजे हिऱ्यामाणकाखाली बसवायचा चकचकीत धातूचा पातळ पत्रा. त्याने खड्याचं तेज वाढतं. मराठीत आपण म्हणतो ‘काळ्या साडीवर मोती उठून दिसतात’. म्हणून मी ‘उठाव देणारं पात्र’ म्हणेन.

हॅम्लेट, लेआर्टीस आणि फोर्टिनब्रास या तिघांचेही वडील मारले गेले आहेत. लेआर्टीस बातमी कळताच फ्रान्सहून परततो, माणसं जमवून थेट राजवाड्यात घुसतो. फोर्टिनब्रास वडिलांनी गमावलेल्या मुलखासाठी सैन्य उभारतो. मधोमध विचार करत बसलेला हॅम्लेट. लेआर्टीसची घाई नसती तर हॅम्लेटचं थांबणं इतकं लक्षात आलं नसतं. पण ‘लेआर्टीस उतावीळ, हॅम्लेट विचारी’ इथे थांबू नये. उतावीळ लेआर्टीसला राजा अगदी सहज हाताशी धरतो आणि विषारी तलवारीच्या कटात ओढतो. म्हणजे घाईनेही न्याय मिळत नाही. या तुलनेतून हॅम्लेटच्या चालढकलीबद्दलचं आपलं मत बदलतं का, ते मुलीला लिहू द्या.

नाटकातच या शब्दावर श्लेष आहे. शेवटच्या द्वंद्वाआधी हॅम्लेट म्हणतो, ‘लेआर्टीस, मी तुझा फॉइल होईन.’ सरावाच्या बोथट तलवारीलाही फॉइलच म्हणतात. माझ्या अडाणीपणामुळे तुझं कौशल्य काळोख्या रात्रीतल्या ताऱ्यासारखं झळकेल, असं तो पुढे म्हणतो. नायक स्वतःच दुसऱ्याला उठाव द्यायला तयार होतो! ही ओळ निबंधात आली तर परीक्षक नक्की थांबून वाचेल.

प्रतिसाद

कन्सीटचा आज रूढ असलेला अर्थ गर्वच, पण जुन्या इंग्रजीत तो कल्पनेला, मनात घडवलेल्या गोष्टीला म्हणत. ‘हॅम्लेट’मध्येच तुमच्या मुलीला तो या अर्थाने भेटेल : वडिलांचं भूत हॅम्लेटला आईची काळजी घ्यायला सांगतं, दुबळ्या देहात कन्सीट जास्त जोर करते म्हणून. कवितेच्या तासाला मात्र तो इंग्रज कवी जॉन डनच्या संदर्भात येतो. लांबच्या प्रवासाला निघालेला प्रियकर म्हणतो, आपले जीव दोन असलेच तर कर्कटकाच्या दोन पायांसारखे आहेत. (कर्कटकच. ‘कंपास’ म्हटलं तर आपल्याकडच्या मुलांना पट्टी-खोडरबरासकट अख्खी पेटी दिसते.) तू मध्यभागी स्थिर, मी फिरणारा. मी लांब गेलो की तू माझ्याकडे झुकतेस, मी परतलो की ताठ उभी राहतेस, आणि तू स्थिर आहेस म्हणूनच माझं वर्तुळ पुरं होतं.

भूमितीच्या अवजाराचा प्रेमाशी काय संबंध, असं आधी वाटतं आणि चार ओळींत तो संबंध पटतो. ‘दूरची, लांबवर नेलेली उपमा’ असं सरळ सांगा. ‘कल्पनाबंध’ टाळा, तो आपल्याकडे लोककथांच्या अभ्यासात मोटिफसाठी वापरतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. ‘सूर’ आजच वापरून पाहिला, तिला लगेच कळलं. पण खरी अडचण कॉमेंटरीची आहे. मी स्वतः महाराष्ट्र बोर्डातून शिकले. तिचा निबंध मला चांगलाच वाटतो, आणि शिक्षक ‘समरी’ म्हणून परत पाठवतात. थीसिसचंही तसंच. प्रबंध म्हणावं तर पीएचडी आठवते.

प्रतिसाद

कॉमेंटरीला आपल्याकडे उत्तम शब्द आहे : ‘भाष्य’. पाणिनीच्या सूत्रांवर पतंजलीचं महाभाष्य आहे. मूळ वचन समोर ठेवायचं आणि ते असंच का, दुसरं का नाही, याची चर्चा करायची. एपीच्या निबंधातही हेच हवं असतं.

गुणांची विभागणी पाहा. प्रत्येक निबंधाला ६ गुण. थीसिसला १, पुरावे आणि भाष्याला ४, आणि ‘सॉफिस्टिकेशन’ला १. तीन निबंधांना मिळून २ तास, आणि एकूण निकालातला ५५ टक्के भाग त्यांचा. उरलेले ४५ टक्के एका तासात सोडवायच्या ५५ बहुपर्यायी प्रश्नांचे. म्हणजे निबंधाचा जीव त्या चार गुणांत आहे. तिसऱ्या निबंधात पुस्तक मुलीने स्वतः निवडायचं असतं, आणि ‘केवळ कथानकाचा सारांश देऊ नका’ अशी ताकीद वर्षानुवर्षं त्या प्रश्नासोबत छापत आले आहेत.

उदाहरण घेऊ. तिसऱ्या अंकात राजा क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटच्या वडिलांचा खून करणारा त्याचा काका, गुडघे टेकून प्रार्थना करतोय आणि मागे हॅम्लेट तलवार घेऊन उभा आहे. ‘प्रार्थना करताना मारलं तर तो स्वर्गात जाईल, म्हणून हॅम्लेट त्याला मारत नाही’, हा सारांश झाला. वाक्य अचूक आहे, पण नाटक वाचलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. आता भाष्य : हॅम्लेट निघून जाताच क्लॉडियस उठतो आणि म्हणतो, शब्द वर गेले, विचार खालीच राहिले. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती. हे प्रेक्षकाला कळलं, हॅम्लेटला नाही. ज्याची तर्कबुद्धी सगळ्यांत तल्लख, तो गुडघे टेकलेली मुद्रा खरी मानतो आणि तिथून अगदी शिस्तीत चुकीच्या निष्कर्षाला पोचतो. शेक्सपिअरने ती कबुली हॅम्लेट जाण्याआधी ठेवली असती तर प्रसंग कोसळला असता. क्रमातच अर्थ आहे. ‘असं केल्याने काय साधलं? तसं नसतं तर काय बिघडलं असतं?’ हे दोन प्रश्न प्रत्येक अवतरणाला विचारायचे.

आपल्या पिढीला हे जड का जातं, तर आपण शिकलो ‘रसग्रहण’. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. कविता सुंदर आहे हे तिथे गृहीतच असतं, आपण तिचा आस्वाद घ्यायचा. मला ती परंपरा प्रिय आहे, तिनेच मला कवितेपाशी आणलं. पण ‘कवीने अत्यंत समर्पक प्रतिमा वापरल्या आहेत’ या वाक्याला तिकडे एकही गुण नाही. समर्पक कशी, एवढंच तिकडे विचारतात.

थीसिसला ‘प्रतिपादन’ म्हणा. ज्याच्याशी एखादा जाणता वाचक वाद घालू शकेल असं विधान. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं तेव्हा नाव दिलं ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा खेळ. माझ्या मते ते शीर्षक म्हणजे दोन शब्दांतलं प्रतिपादन आहे. हे नाटक सूडाचं नाही, राज्याचंही नाही, माणसाच्या मनावर विकार कशी सत्ता गाजवतात त्याचं आहे. यावर कुणीही भांडू शकेल : विकार, की विकार न उसळणं? मुलीला हे जरूर सांगा.

प्रतिसाद

सॉफिस्टिकेशनसाठी ‘प्रगल्भता’. अवजड शब्द पेरले की तो एक गुण मिळतो, असा मुलांचा पक्का समज असतो. तो गुण उलट बाजूचा अर्थही जोखून पाहिल्याचा, कलाकृतीतला ताण ओळखल्याचा असतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आज तिच्याकडून एकच वाक्य पुन्हा लिहून घेतलं. आधीचं होतं, ‘हॅम्लेटमध्ये सूडाची भावना प्रभावीपणे दाखवली आहे.’ नवं असं, ‘हॅम्लेटला सूड घ्यायचा नाही असं नाही, पण सूड घेताना आपण क्लॉडियससारखे तर होणार नाही ना, ही शंका त्याला थांबवते.’ हे प्रतिपादन झालं का?

प्रतिसाद

झालं. वादही घालता येतो : प्रार्थनेच्या प्रसंगात तो क्लॉडियसचा आत्मा नरकात जावा म्हणून थांबतो, तिथे ही शंका दिसत नाही. पहिला परिच्छेद तिला तिथूनच लिहायला सांगा.