पीपीएफ बंद करण्याआधी

दापोलीच्या दादांनी विचारलंय की वहिनींच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी दहा वर्षांचं पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं) मोडावं का, आणि त्यावर एकाने "सरळ बंद करा" असं सुचवलंय. दादा, कृपया घाई करू नका. पाच वर्षांनंतर जीवघेण्या आजारासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं हे खरं, पण मग अगदी सुरुवातीपासूनचं व्याज १ टक्का कमी धरतात. त्याऐवजी अंशतः रक्कम काढा. सातव्या आर्थिक वर्षापासून ती वर्षातून एकदा मिळते: चार वर्षांपूर्वीची किंवा मागच्या वर्षअखेरची शिल्लक, यातली जी कमी तिच्या निम्म्यापर्यंत. कारण द्यावं लागत नाही, व्याजाला कात्री नाही, खातंही जिवंत राहतं. आर्थिक वर्षाची अखेर आली असेल तर थोडी मार्चमध्ये, थोडी एप्रिलमध्ये काढा, म्हणजे दोन वर्षांच्या दोन संधी मिळतात.

त्याहीआधी राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात आणि आता रेशनकार्डाचा रंग आडवा येत नाही. मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात दाखवाच, पण पुढची केमो आपल्या जिल्ह्यातल्या डेरवणच्या रुग्णालयात होईल का तेही टाटाच्या डॉक्टरांना विचारा. दर फेरीचा गाडीखर्च आणि मुंबईतली राहण्याची सोय यातच साठवलेला पैसा झिजतो, हे मी आमच्या घरात पाहिलंय.