पावसाळी वाटांसाठी टायर : ए.टी. की एम.टी.?

रंकाळाकाठ : माझ्या २०२१ च्या महिंद्रा थार जीपचे कंपनीचे २५५/६५ आर १८ मापाचे ए.टी. (ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर ५२,००० किलोमीटरनंतर झिजले आहेत. एरवी गाडी कोल्हापूर-कागल रस्त्यावर धावते, पावसाळ्यात मात्र गगनबावडा, आंबा, राधानगरीकडे महिन्यातून दोनदा जाणे होते. गेल्या आषाढात धनगरवाड्याच्या चढावर फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) लावूनही चाके लाल चिखलात जागीच फिरत राहिली आणि शेवटी गावकऱ्यांनी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. आता एम.टी. (मड टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे) टायर घ्यावेत का?

शाहूपुरीकर : माझ्या मते नकोत. एम.टी.च्या नक्षीतील रबरी ठोकळ्यांमधील रुंद खाचांतून चिखल फेकला जातो हे खरे, परंतु त्याच खाचांमुळे ओल्या डांबरावर टेकणारे रबर कमी पडते आणि करूळ घाटाच्या उतारावर, धुक्यात, ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक अंतर घेते. आपण ज्या चढावर अडकलात तिथे दोष ए.टी. प्रकाराचा कमी आणि झिजलेल्या नक्षीचा अधिक असावा. टायरमध्ये हवा किती होती?

रंकाळाकाठ : नेहमीचीच, ३२ पीएसआय.

शाहूपुरीकर : मग निम्मे उत्तर तिथेच आहे. कच्च्या वाटेला लागताना ती २० च्या आसपास आणली, तर टायर पसरून जमिनीवर अधिक लांब टेकतो आणि जांभ्याच्या टोकदार दगडांवर आपटण्याऐवजी त्यांना लपेटून घेतो. मात्र त्यानंतर वेग अगदी कमी ठेवावा आणि वळणावर स्टिअरिंग एकदम वळवू नये, अन्यथा ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटते. डांबरावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरावीच लागते, म्हणून बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आधी घ्या.

राधानगरीकर : मी एम.टी.च वापरतो, कारण माझी गाडी रोज शेतवाटेने जाते आणि काळ्या चिकट मातीत ए.टी.ची नक्षी दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होते. आपला वापर तसा नाही. नवे ए.टी. घेताना बाजूवरील चार अंकी उत्पादन खूण अवश्य पाहा, कारण त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. आणखी एक कळकळीची विनंती : पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मळलेली वाट सोडून गाडी घालू नका. तिथे कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे, की चाकोरी उमटली की त्या जागी पुढच्या भाद्रपदात फूल दिसत नाही.