हॅवलॉकहून धुळे एका दमात: सासूबाईंना झेपेल का?

देवपूरची_बाई
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत अंदमानला चाललोय. आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. त्यांचं वय ७२, गुडघे कुरकुरतात, पण समुद्राची हौस आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. जायचं सगळं ठरलंय, घोडं अडलंय परतीवर.

ह्यांचा बेत असा: सकाळी हॅवलॉक बेटावरून बोट, दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान, चेन्नईत बदलून रात्री मुंबई, मग मिळेल ती रेल्वे धरून चाळीसगाव आणि तिथून धुळे. "एक रजा वाचते," म्हणे.

तिकडे डिसेंबरातही रात्री पंखा लागतो. इकडे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या नोंदीत पारा ६-७ वर आला की पेपरात बातमी. सासूबाईंना खोकला धरला की संक्रांतीपर्यंत सोडत नाही. असा प्रवास कोणी केलाय का? आणि गरम कपडे कुठल्या बॅगेत ठेवू?

भुसावळ_जंक्शन
ताई, रजेचा हिशोब बाजूला ठेवा. बोट आणि विमान एका दिवशी घालूच नका. खाजगी बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारीला त्याहून जास्त, हे खरं. पण समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअर गाठा. (कुठे श्री विजयपुरम लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, २०२४ पासून तेच नाव आहे.)

चेन्नईमार्गे मुंबईचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी सरळ हात वर करते. आईंसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. चेन्नईत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालताना गुडघ्यांची वाट लागते.

आता आपल्या भागाचं. मुंबई ते चाळीसगाव ३२८ किलोमीटर, मेल-एक्स्प्रेसला पाच-सहा तास. मध्यरात्रीची गाडी धरलीत तर उतरणार ऐन पहाटे, आणि पुढे धुळ्याच्या गाडीची नाहीतर एसटीची वाट बघत बसणार. हिवाळ्यातल्या रात्रपाळ्या मी अशाच फलाटांवर काढल्यात. तिथल्या लोखंडी बाकड्याची थंडी स्वेटर, लुगडं, सगळं भेदून वर येते. त्यापेक्षा रात्री मुंबईत नाहीतर कल्याणला मुक्काम करा आणि सकाळची गाडी पकडा. दुपारच्या उन्हात धुळ्यात उतराल, तेव्हा स्वेटर काढावासा वाटेल.

केळीबाग_रावेर
जंक्शनभाऊंशी सहमत. थंडी किती, यापेक्षा कधी ते बघा. आम्ही केळीवाले रात्री अकराला नाही, पहाटे तीननंतर बागेत असतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वरून उत्तरेचा वारा. जमीन रात्रभर ऊब सोडत राहते आणि पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्य निघायच्या जरा आधी. १० च्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, घड पोंग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच, अडकतो. म्हणून बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो, रात्रीतून विहिरीचं पाणी सोडतो, ते कोमट असतं. म्हाताऱ्या माणसाला पहाटे चार ते सात उघड्यावर आणू नका. बाकी वेळ खुशाल या.

हायवेवाला_मालेगाव
मी उलट सांगतो. मुंबई विमानतळावरूनच गाडी करा. सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, सहा-सात तास. काचा बंद, आई मागच्या सीटवर झोपतील, उतरतील ते थेट दारात. फलाट नाही, जिने नाहीत. फक्त ड्रायव्हर ताजा हवा. दिवसभर मुंबईत गाडी हाकलेला माणूस कसारा घाट चढतो, पण चांदवडच्या पुढे डुलक्या घेतो.

भुसावळ_जंक्शन
आणि तो ताजा आहे की नाही, हे रात्री बाराला विमानतळाबाहेर ओळखायचं कसं?

पांझराकाठ
कपड्यांचं कोणीच बोललं नाही. कानटोपी, मोजे, शाल आणि प्रत्येकी एक स्वेटर केबिन बॅगेत. चेक-इनमध्ये टाकले तर मुंबईत पट्ट्यावर बॅग येईपर्यंत हाती लागणार नाहीत, आणि विमानातला एसी काय कमी गार असतो? केबिनला साधारण ७ किलो मिळतात, जाड गोधड्या भरू नका. ओठांना लावायला काहीतरी हाताशी ठेवा. दमट हवेतून आपल्या कोरड्या हवेत आलं की दुसऱ्याच दिवशी ओठ फुटतात. तिकडून आणलेलं खोबरेल तेल इथे डब्यात दगड होतं. ते खराब नसतं, २४ अंशांच्या खाली गोठतंच. बायकोने आमची बाटली दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत जवळपास फेकलीच होती.

आणि पोराचे खिसे तपासा. किनाऱ्यावरचं प्रवाळ आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, विमानतळावर काढून घेतात. आमच्या भाच्याने तिथे असं भोकाड पसरलं की रांगेतली माणसं मागे सरकली. आठे भलती थंडी पडेल शे, ध्यानमा ठेवा.

देवपूरची_बाई
सगळ्यांचे आभार. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. बोट आदल्या दिवशी, हे तोंड वाकडं करत का होईना मान्य झालं. गाडी करायला सासूबाईंनीच नाही म्हटलं, घाटात त्यांना मळमळतं. त्यामुळे कल्याणला मावससासूबाईंकडे मुक्काम आणि सकाळची रेल्वे. मावशींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "येताना भरताची वांगी आणा, आपल्याकडची, इथली नकोत." आम्ही अंदमानहून येतोय, हे तीनदा सांगून झालं. आता जातानाच कल्याणला उतरून देऊ म्हणते. हायवेवाले दादा, चांगली वांगी कुठे मिळतील?