पानशेतच्या पुरावर मुलांकडून गोष्ट कशी लिहून घ्यावी?

प्रश्न: आठवीच्या वर्गाला १२ जुलै १९६१ च्या पुण्यातल्या पुरावर गोष्ट लिहायला सांगितली. सगळ्यांनी धरण फुटलं, पेठांत पाणी शिरलं, एवढंच लिहिलं. माणूस कुठेच नाही. काय करू?

उत्तर: पूर नको, वस्तू द्या. आमच्या आजीची नारायण पेठेतली पत्र्याची ट्रंक मी वर्गात नेली. आत अजून गाळाची रेघ आहे. मुलांनी बोट फिरवून पाहिलं. एकीने लिहिलं, "आईने आधी पिठाचा डबा माळ्यावर चढवला, मग मला." वाचताना अंगावर काटा आला.

उत्तर: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला लावा. तारीख, पेठ, नदी मात्र चुकवू देऊ नका. पात्रं खुशाल कल्पनेतली.

प्रश्नकर्ती: ट्रंकेचं पटलं! सासूबाईंकडे तेव्हाचा कंदील आहे, सोमवारी नेते.